इकरारनामा कोणी लिहायचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना सामान्य माणसाच्या संसारातले प्रश्न व्यासपीठावर यावेत असे वाटत असे, असे संयोजकांनी मला सांगितले. म्हणून मी जागेच्या व्यवहाराचा विषय निवडला. दस्त वाचण्यात आणि समजावून सांगण्यात माझे वय गेले. जन्मभराची पुंजी ज्या कागदावर पणाला लागते, तो कागद बहुतेक माणसे सही करण्याच्या दिवशी पहिल्यांदा बघतात, आणि तोही वाचत नाहीत. याचे मला फार वाईट वाटते.

इथे जयपुरात गोपालपुरा मोडपासून त्रिवेणीनगर, रिद्धी-सिद्धी करत गुर्जर की थडीपर्यंत जा. शिकवणीवर्ग, मुलामुलींची वसतिगृहे, अभ्यासिका, खाणावळी आणि त्यांच्यामध्ये दाटीने प्रॉपर्टी डीलरांची दुकाने. तिथे सौदा ठरला की डीलर संगणकातून जुना इकरारनामा, म्हणजे विक्रीचा करार, काढतो, नावे बदलतो, रक्कम बदलतो, स्टँपवर छापतो. आधीच्या व्यवहारातली एखादी ओळ तशीच राहून जाते. तिसऱ्याच माणसाच्या भूखंडाची पश्चिमेची हद्द आपल्या दस्तात येऊन बसते.

विक्रीचा करार वकिलानेच लिहिला पाहिजे असे आपला कोणताही कायदा म्हणत नाही. १८७२ चा करार कायदा, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, १९०८ चा नोंदणी कायदा, तिन्ही चाळून पाहा. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी, एवढे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते. तो दस्त कोणाच्या हातचा असावा यावर ते गप्प आहे. बक्षीसपत्राला दोन साक्षीदारांचे साक्षांकन सक्तीचे आहे, खरेदीखताला ते कलम तेवढेही मागत नाही. उपनिबंधकासमोर जे दोघे उभे राहतात, ते मुख्यतः आपली ओळख पटवायला.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे, की कराराचा पहिला मसुदा घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने आपल्या हाताने लिहावा. वकिलाची फी वाचते हा त्यातला सगळ्यात लहान फायदा. खरा फायदा हा, की लिहायला बसल्यावर आपल्याला काय ठाऊक नाही ते कळते. ‘ही जागा विक्रेत्याकडे … कडून … साली आली’ हे वाक्य पुरे करायला घ्या. दोन्ही रिकाम्या जागा भरता आल्या नाहीत, तर सौदा अजून ठरलेलाच नाही, मग टोकन कितीही दिलेले असो. वकिलाकडे जायचेच आहे, पण मसुदा हातात घेऊन आणि मालकीचा शोध घेण्यासाठी.

गोपालपुऱ्यात त्या पहिल्या रिकाम्या जागेचे उत्तर सरळ मिळत नाही. त्याचे कारण या भागाच्या इतिहासात आहे. जयपूर शहर दक्षिणेला वाढू लागले तेव्हा गावांची शेती गृहनिर्माण सहकारी समित्यांनी खातेदारांकडून करारावर घेतली, भूखंड पाडले आणि सभासदांना आपल्या शिक्क्याचे पट्टे, म्हणजे भूखंड दिल्याचे कागद, वाटले. जयपूर विकास प्राधिकरण १९८२ च्या कायद्याने आले, तरी समित्यांचे पट्टे निघतच राहिले. शेतजमीन महसुली दप्तरात खातेदाराच्याच नावावर, आणि वर वस्ती उभी. एकाच भूखंडाचे दोन पट्टे, मागच्या तारखेचे पट्टे, हे प्रकार जयपूरकरांना नवे नाहीत. पुढे १९५६ च्या राजस्थान भू-राजस्व कायद्यात कलम ९०-ब आले. १७ जून १९९९ ही तारीख धरून अशा वस्त्या नियमित करण्याची वाट त्याने उघडली. जमीन आधी सरकारजमा होई आणि मग प्राधिकरण रहिवाशाला पट्टा देई. २०१२ मध्ये ते कलम गेले आणि काम कलम ९०-अ व नव्या नियमांखाली आले. आजही इथली जुनी माणसे ‘नाइंटी-बी झालेली आहे का?’ असेच विचारतात, आणि तो प्रश्न अगदी बरोबर आहे.

म्हणून इथल्या इकरारनाम्याचा पहिला परिच्छेद हा जागेचा जन्मवृत्तांत असला पाहिजे. खसरा क्रमांक कोणता, मूळ खातेदार कोण, समिती कोणती, समितीचा पट्टा कोणत्या तारखेचा, ९०-ब किंवा ९०-अ चा आदेश कधीचा, प्राधिकरणाचा पट्टा कोणाच्या नावे, तो नोंदवला आहे का, मधल्या काळात किती हात बदलले आणि प्रत्येक वेळी कोणत्या कागदाने. एकच दुवा तुटला तरी ती साखळी राहत नाही. मूळ खातेदार अनुसूचित जाती वा जमातीचा असेल तर आणखी थांबा. राजस्थान काश्तकारी कायदा, १९५५ याच्या कलम ४२ प्रमाणे त्या प्रवर्गाच्या बाहेर केलेली शेतजमिनीची विक्री मुळातच रद्दबातल असते. वर तीन मजले चढले म्हणून ती आपोआप ग्राह्य होत नाही.

आणि पट्टा कशासाठी आहे? गोपालपुऱ्याच्या या रस्त्यालगत आवासी पट्ट्यांवर शिकवणीवर्ग आणि वसतिगृहे चालतात. घेणारा भाड्याचे आकडे पाहून किंमत मोजतो, पण दस्तात ‘आवासी भूखंड’ एवढेच येते. उद्या प्राधिकरणाने वापर बंद करायला लावला, तर तोटा कोणाचा? हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवून लिहायचे आहे. छापील नमुन्यात याचे उत्तर कधीही सापडणार नाही.

आता जयपुरातल्या आपल्या मराठी मंडळींविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्यातल्या अनेकांचे पुण्यात नाहीतर ठाण्यात एक घर असते, आणि दस्तांची आपली सगळी समज तिथून आलेली असते. महाराष्ट्रात बिल्डरकडून सदनिका घेताना १९६३ च्या मोफा कायद्यापासून करार नोंदवणे बंधनकारक आहे. ताबा देणार असे लिहिलेल्या साठेखतावर तिथे जवळजवळ खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क भरावे लागते. साहजिकच मनात पक्के बसते, की साठेखत झाले म्हणजे घर झाले. ही समजूत घेऊन माणूस जयपुरात येतो, थोड्या रकमेच्या स्टँपवर नोटरीच्या शिक्क्याचा इकरारनामा करतो, किल्ली घेतो आणि निर्धास्त होतो. तेच कलम ५४ पुढे स्पष्ट म्हणते, की विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. करार हे पुढे विक्री करण्याचे वचन आहे. ताबा घेतला आहे, आता मला कोणी हलवू शकत नाही, असा कलम ५३-अ चा आधार घ्यायचा, तर २००१ च्या दुरुस्तीनंतर तो करारही नोंदवलेलाच लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे ज्याला त्याला घरी जाऊन सांगा.

इकरारनामा, सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी तीन कागदांची जुडी देऊन जागा ‘विकण्याची’ रीत उत्तर भारतात फार चालली. ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लँप विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सांगून टाकले, की अशा जुडीने मालकी जात नाही. मृत्युपत्र बदलता येते. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते सहसा त्याच्याबरोबर संपते. त्या निकालावर मी जास्त वेळ घेत नाही. तुमच्या साखळीत मुखत्यारपत्राचा दुवा असेल, तर मसुदा बाजूला ठेवून वकील गाठा.

जुने मराठी कागद ज्यांनी पाहिले असतील, त्यांना शिवकाळातली आणि पेशवाईतली खरेदीपत्रे आठवतील. मोडी लिपीत, कुळकर्ण्याच्या हातची, आणि खाली पाटलाची निशाणी नांगर. लिहिता न येणारा बलुतेदार आपल्या अवजाराचे चिन्ह काढी. गावच्या गोतापुढे, दहा माणसांच्या देखत जमीन हात बदले आणि शेताच्या चारी बाजू कोणाच्या, हे त्या त्या शेजाऱ्याच्या समोर लिहिले जाई. दानपत्र असो वा खरेदीपत्र, त्या काळच्या कागदात जागा कोणती हे ओळखण्यात चूक होऊ नये याची फार काळजी दिसते. आपल्या छापील नमुन्यांतून नेमकी तीच गेली आहे.

म्हणून चतुःसीमा लिहिताना पट्टा हातात, मोजपट्टी खिशात आणि पाय भूखंडावर हवेत. इथे क्षेत्र वर्गगजात बोलले जाते. पट्ट्यावर ते वर्गगजात असते, कधी वर्गमीटरमध्ये, आणि महसुली नोंदीत बिघ्यात किंवा हेक्टरात. तिन्ही पडताळून लिहा. लांबी, रुंदी, तोंड कोणत्या दिशेला, समोरचा रस्ता किती फुटी, पूर्वेला कोणता भूखंड, पश्चिमेला कोणता. मागचा शेजारी दोन फूट पुढे आला असेल तर पट्ट्यातले क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुळणार नाही. मग किंमत कोणत्या क्षेत्राची? ‘जागेवर मोजणी करून जे क्षेत्र भरेल त्याचीच किंमत, दर वर्गगजाला रुपये …’ एवढे एक वाक्य घातले तर पुढची वर्षे कोर्टात जात नाहीत. नोंदणी कायद्याचे कलम २१ देखील मालमत्ता ओळखता येईल असे वर्णन मागते. नकाशा जोडा आणि त्यावर दोघांनी सह्या करा.

पैशाच्या कलमावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक तंटे तिथेच पेटतात. ‘बयाना म्हणून रुपये दहा लाख मिळाले’ असे एक वाक्य सगळ्या इकरारनाम्यांत असते. घेणारा मुदतीत उरलेली रक्कम देऊ शकला नाही, की विकणारा सगळे दहा लाख ठेवून घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावळ या खटल्यात फरक स्पष्ट केला आहे. सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेला विसार जप्त करता येतो. किमतीपोटी दिलेला हप्ता जप्त करता येत नाही. मग दहा लाखांत विसार किती आणि हप्ता किती, हे लिहिणाऱ्याच्याच हातात आहे. मी घरी बसून लिहून पाहायला सांगतो ते असे:

‘एकूण किंमत रुपये … ठरली. त्यापैकी रुपये … आज विक्रेत्याच्या … बँकेतील खात्यात एनईएफटीने जमा झाले, व्यवहार क्रमांक … . यातले रुपये … हा विसार आहे व बाकीचे रुपये … हा किमतीचा पहिला हप्ता आहे. घेणाऱ्याच्या चुकीने सौदा मोडल्यास विक्रेता फक्त विसार ठेवील व हप्ता … दिवसांत परत करील. विक्रेत्याच्या चुकीने मोडल्यास तो दोन्ही रकमा व वर रुपये … देईल. घेणाऱ्याचे कर्ज बँकेने कागदांतल्या दोषामुळे नाकारल्यास ती कोणाचीच चूक मानली जाणार नाही व सर्व रक्कम परत केली जाईल.’

यात एकही अवघड शब्द नाही. शेवटचे वाक्य तर छापील नमुन्यात मी क्वचितच पाहिले, आणि मध्यमवर्गीय माणसाचे विसाराचे पैसे बुडण्याची पाळी बहुधा तिथेच येते.

रोखीचा मोह टाळा. जागेच्या सौद्यापोटी वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीत घेण्याला आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून मनाई आहे, आणि दंड त्या रकमेएवढाच. एप्रिल २०२५ मध्ये, बंगळुरूच्या एका जागेसाठी ७५ लाख रोख दिल्याचा दावा पुढे आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दोन लाख व त्यावरच्या रोखीचा उल्लेख असलेला दावा आला तर न्यायालयांनी ते आयकर विभागाला कळवावे. किंमत ५० लाख वा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कर कापून भरायचा असतो. विकणारा परदेशी स्थायिक झालेला मुलगा किंवा भाऊ असेल, तर कपातीचे नियम पूर्ण वेगळे आणि कडक आहेत. तिथे सनदी लेखापालाला विचारल्यावाचून आकडा लिहू नका. डीएलसी, म्हणजे जिल्हास्तरीय समितीच्या, दराने होणारे मूल्य आणि ठरलेली किंमत दोन्ही माहीत करून घ्या, कारण मुद्रांक शुल्क त्यांतल्या मोठ्या आकड्यावर लागते.

विकणाऱ्यासाठीही एक गोष्ट आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. पुढच्या तारखेचे चेक घेऊन खरेदीखत नोंदवून देणारे भाबडे लोक मी पाहिले आहेत. कलम ५४ मध्ये विक्री होते ती दिलेल्या किंवा देण्याचे वचन दिलेल्या किमतीच्या बदल्यात. म्हणजे चेक परत आला तरी मालकी गेलेली असते. सुरतच्या एका शेतजमिनीच्या खटल्यात, दहिबेन प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच म्हटले, की बाकी रक्कम मिळाली नाही म्हणून नोंदवलेले खरेदीखत रद्द होत नाही; रक्कम वसूल करण्याचा मार्ग वेगळा. उपनिबंधकाकडे सही करण्यापूर्वी रक्कम खात्यात पडलेली पाहिजे, हे मसुद्यातच लिहा.

तारखेबद्दल थोडक्यात. करार पाळायला लावण्याचा दावा तीन वर्षांत करावा लागतो. दस्तात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. ‘लवकरात लवकर’ हे शब्द दस्तात नकोत. आणि दावा करणाऱ्याला, आपण पैसे घेऊन तयार होतो हे सिद्ध करावे लागते. ठरल्या दिवशी उपनिबंधक कार्यालयात गेल्याचा पुरावा आणि विक्रेत्याला पाठवलेले पत्र जपून ठेवा.

आपल्या हातच्या मसुद्यात काही राहून गेले तर काय, असे मला नेहमी भीतीने विचारले जाते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ शांतपणे वाचा. दोघांनी वेगळे ठरवले नसेल तर काय मानायचे, ते तिथे दिलेले आहे. जागेतला किंवा मालकीतला दडलेला दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे, मागितल्यावर कागद दाखवले पाहिजेत, विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी देणे त्याने फेडले पाहिजे. जयपुरात लीजमनीची, म्हणजे पट्ट्यापोटी प्राधिकरणाला द्यायच्या रकमेची, थकबाकी त्यात धरून विचारा. साध्या मसुद्यात जे राहून गेले ते हे कलम बऱ्याच अंशी भरून काढते. उलट न समजता उतरवलेल्या भरजरी नमुन्यात ‘खरेदीदाराने सर्व कागदांची खातरजमा केली असून त्याची कोणतीही तक्रार नाही’ असे वाक्य असते, आणि कलम ५५ ने दिलेले संरक्षण आपणच सही करून सोडून देतो.

मसुदा मराठीत लिहा. नवराबायकोने, मुलांनी बसून, भांडून लिहा. नोंदणीसाठी मात्र तो हिंदीत न्या. जिल्ह्यात सर्रास वापरात नसलेल्या, अधिकाऱ्याला न समजणाऱ्या भाषेतला दस्त भाषांतर जोडल्याशिवाय स्वीकारला जात नाही, असे नोंदणी कायद्याचे कलम १९ आहे. हिंदी झाल्यावर तुमच्या मराठी मसुद्याशी ओळीला ओळ ताडून पाहा. खाडाखोड झाली तर प्रत्येक ठिकाणी दोघांच्या सह्या हव्यात. आणि सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला गेला पाहिजे.

आता मसुद्याच्या आवाक्याबाहेरचे. उपनिबंधक दस्त कोणी केला, तो तोच माणूस आहे का, एवढे मुख्यतः पाहतो. विकणाऱ्याची मालकी खरी आहे का, हे ठरवणे त्याचे काम नाही. तमिळनाडूच्या एका नियमावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हे पुन्हा सांगितले. नोंदवलेला दस्तही विकणाऱ्याकडे नसलेला हक्क तुम्हाला देऊ शकत नाही. तुम्ही कितीही सुंदर मराठी लिहिले तरी नाही. म्हणून मालकीचा शोध वकिलाकडूनच घ्यावा, असे मी हात जोडून सांगतो. तीस वर्षांच्या नोंदी, महसुली दप्तर, प्राधिकरणाची फाईल, चालू दावे, बँकेचा बोजा, हे सारे त्याने लिहून द्यावे. जागेवर दावा चालू असताना घेतलेली जागा त्या निकालाला बांधलेली असते. जागेत अज्ञान मुलाचा स्वतंत्र हिस्सा असेल तर १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते. वडील वारल्यावर बहिणींच्या सह्या न घेता भाऊ विकत असतील, तर तो व्यवहार डीलरने कितीही घाई केली तरी थांबवा. अशा ठिकाणी स्वतः मसुदा लिहिण्याचा हट्ट मी करणार नाही.

हा सगळा भार एकेकट्या माणसाच्या शिरावर का, असे मला मनापासून विचारावेसे वाटते. शहरी जमिनीच्या मालकीचे प्रमाणपत्र देण्याचा कायदा देशात पहिल्यांदा केला तो याच राजस्थानने, २०१६ मध्ये. बिल्डरकडून घेताना रेरा कायद्याने नमुना करार ठरवून दिला आणि नोंदवलेल्या कराराशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायला बंदी केली. पण एका शिक्षिकेने दुसऱ्या शिक्षिकेला जुने घर विकले, तर त्या दोघींच्या मदतीला असे काही नाही. नोंदणी विभागाने त्यांच्यासाठी साध्या भाषेतला, प्रत्येक कलमाखाली ‘हे का लिहायचे’ असे समजावणारा नमुना छापून उपनिबंधक कार्यालयात खिडकीपाशी ठेवावा, ही मागणी आपण इथल्या विभागाकडे आणि महाराष्ट्रातही करू शकतो. त्यासाठी लागणारा मजकूर आपल्यातल्या पाच-सहा जाणत्या माणसांना चार रविवारांत मराठी आणि हिंदीत लिहून काढता येईल, आणि ज्यांना त्या कामात यायचे आहे त्यांनी आज व्याख्यान संपल्यावर आपले नाव संयोजकांकडे द्यावे.